थेरडी, निलाजरी आणि माझी आत्या

माझ्या आत्याचा डावा कान अर्धाच होता. वरचा भाग जागेवर, पाळी गायब. नवऱ्याने एकदा रागाच्या भरात कानातलं ओढलं, ते पाळीसकट हातात आलं. कुणी विचारलं तर ती सांगे, "उंदराने खाल्ला." विचारणारा फारच चौकस निघाला तर म्हणे, "दोन पायांच्या उंदराने. अजून काही?" मग कुणी विचारत नसे.

नवरा दारू पिऊन मेला तेव्हा ती रडली नाही. तिला स्वतःचा राग होता तो वेगळाच. दरवेळी मार खाऊन ती माहेरी, माझ्या आजीकडे, यायची आणि दरवेळी परत जायची. "मी गेले, माझ्या पायांनी चालत गेले," असं ती दात आवळून सांगायची. परत जाणाऱ्या बाईइतकी चीड तिला जगात कशाचीच नव्हती. आणखी एक चीड होती, वानरांची.

माझ्या आईवडिलांच्या मागे मला तिनेच वाढवलं. मला आणि तिच्या मुलीला एका ताटात जेवायला घालायची आणि दोघांना सारखेच धपाटे द्यायची. तिची माया म्हणजे धपाटाच. जवळ घेणं, डोक्यावरून हात फिरवणं तिला जमलंच नाही, आणि आम्हालाही त्याची सवय नव्हती. मुलगी लहानपणापासून अबोल, म्हणून सगळे तिला घुमी म्हणत. घुमी दिवसभरात जेवढं बोले तेवढं आत्या एका दमात शिव्या देऊन टाकी.

आत्या पाण्याच्या प्लँटवर जाळीवाली होती. नदीचं पाणी पंपाने वर येतं, गाळाच्या उघड्या टाक्यांत थांबून निवळतं आणि मग औषध मारून गावभर जातं. टाकीत पानं पडतात, पाखरं पडतात, कधी फुगलेलं मांजर. लांब दांड्याच्या जाळीने हे सगळं काढायचं, हे तिचं काम. पुढे मी तिथेच पंप ऑपरेटर झालो, लग्न झालं, तरी राहिलो आत्याबरोबर एकाच घरात. कामगारांची क्वार्टर्स टाक्यांना लागून, एका ओळीत. मागची अंगणं कमरेइतक्या भिंतींनी वेगळी केलेली. एकीने डाळ फोडणीला टाकली की शेवटच्या घरात शिंक येई.

टाक्यांच्या पलीकडे टेकडी आणि टेकडीवरच्या झाडीत काळ्या तोंडाच्या वानरांची टोळी. दुपारी ती पाणी प्यायला टाकीवर उतरत. पिण्याच्या पाण्यात शेपट्या बुडतात म्हणून त्यांना हाकलणंही आत्याकडेच होतं, आणि हे काम ती फार मन लावून करी. जाळीचा दांडा घेऊन कठड्यावरून धावायची. "मेल्यांनो, गावाने काय तुमचं खरकटं प्यायचं?" तिच्या शिव्या ऐकून साहेबसुद्धा ऑफिसातून बाहेर येत नसत.

पण रोज भांडायचं म्हटलं की ओळख होतेच. टोळीतल्या एकुलत्या एक हुप्प्याला, म्हणजे मोठ्या नराला, ती साहेब म्हणायची. "नुसता उंचावर बसून ओरडतो. बाकी सगळं बायका बघतात." ते खरं होतं. कुठल्या झाडावर जायचं, कधी उतरायचं, हे म्हाताऱ्या माद्या ठरवत आणि साहेब मागून येई. त्या म्हाताऱ्यांतली एक अगदीच वाळलेली, दात पडलेली. आत्या तिला थेरडी म्हणे.

एका गोष्टीचा आत्याला फार राग यायचा. टोळीत पिल्लू जन्मलं की संध्याकाळपर्यंत ते सगळ्या माद्यांच्या हातांतून फिरून यायचं. एक उचली, दुसरी ओढी, तिसरी शेपटीला धरून आपल्या मांडीवर घेई. आई मात्र आरामात पानं खात बसलेली. "पोर एकीचं आणि हात दहाजणींचे," आत्या बडबडायची. "आई आहे का कोण ही?"

त्या वर्षी घुमी माहेरी आली. नवरा वेल्डर, रस्त्याला लागून दुकान, मागे घर. घुमीच्या कडेवर पोरगी, जेमतेम मान धरू लागलेली. घुमीचा ओठ फाटलेला. आत्याने पाणी दिलं आणि विचारलं, "काय झालं?" घुमीने तांब्या रिकामा केला. मग म्हणाली, "तो म्हणतो, ही माझी नाही. काल पायाला धरून पिंपावर उलटी लटकवली. डोकं पाण्यात गेलं होतं."

मी पोलीस चौकीवर गेलो. तिथल्या जमादाराने चहाचा कप खाली ठेवायचीही तसदी घेतली नाही. "घरातलं भांडण घरात मिटवा," म्हणाला. मला असा संताप आला की परत येताना माझी सायकल मीच गटारात घातली.

आणि नेमक्या त्याच दिवसांत टेकडीवर नवा हुप्प्या आला.

एकटा नव्हता. आधी तरण्या नरांचं टोळकंच आलं. साहेबाला त्यांनी दोन दिवस झाडाझाडांवरून पळवलं. तिसऱ्या सकाळी तो टाकीच्या कठड्यावर आला तेव्हा त्याची एक मांडी उघडी पडलेली होती, आतलं लाल मांस दिसत होतं. सगळे मिळून त्याच्यावर पडले. एवढे मोठे सुळे मी कधी पाहिले नव्हते. तो पाण्यात पडला, पलीकडून निघाला आणि लंगडत नदीकडे गेला. पुन्हा दिसला नाही. पाण्यावर रक्त तरंगत होतं. आम्हाला ती टाकी रिकामी करावी लागली. मग त्या नरांनी आपापसात मारामारी केली आणि एक उरला. नाकावर उभा व्रण, बसल्या जागी दात करकरा वाजवायचा. आत्या म्हणाली, "नवे साहेब आले. आता बदल्या होणार."

माद्या पिल्लांना छातीशी धरून झाडांच्या शेंड्यावर गेल्या. खाली येईनात. पण तहान कुणाला सुटली आहे? एका दुपारी एक पोरसवदा मादी, जिला अजून पिल्लू सांभाळायचा अनुभव नव्हता, ती दुसरीचं पिल्लू पोटाशी धरून एकटीच टाकीवर उतरली. आत्या जाळी टाकत होती, मी पंपाच्या दारात होतो. नवा हुप्प्या वरून आला. आवाज नाही, काही नाही. तिच्या हातातून पिल्लू हिसकावलं आणि त्याच्या पोटाला चावला. एकदाच. मग ते कठड्यावर टाकून दिलं. खायला नव्हे, कशाला नव्हे, टाकून दिलं.

पिल्लाची आई किंचाळत उतरली. तिच्या आधी थेरडी पोचली होती. ते पिल्लू तिचं नव्हतं, पण ती दात नसलेल्या तोंडाने हुप्प्याच्या अंगावर धावली. तिच्यामागून आणखी दोन म्हाताऱ्या. त्याने थेरडीला उचलून आपटलं. ती उठली आणि पुन्हा गेली. तिचं एक बोट कठड्यावर पडलं होतं. शेवटी तो झाडावर गेला, म्हणजे तेवढ्यापुरता गेला. आई ते पिल्लू उचलून घेऊन बसली, आणि पुढे कित्येक दिवस ते वाळून चामडं होईपर्यंत घेऊन फिरली.

वानरांच्या मनात काय असतं ते मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत असतं त्यांच्यावर माझा विश्वास नाही. मी दिसलं ते सांगतोय. आत्याने जाळी टाकून दिली आणि ती तशीच घरी गेली. घुमी अंगणात एकटी बसून पोरीला पाजत होती. आत्या ओरडली, "एकटी बसतेस? उठ!"

त्या संध्याकाळी ती घरोघर गेली. आमच्या क्वार्टर्समधल्या बायका एरवी नळावर एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या. आमच्या बायकोचं आणि शेवटच्या घरातल्या नर्सबाईंचं तर बोलणंच बंद होतं. आत्याने प्रत्येकीला एकच सांगितलं, "पोर एका घरात ठेवायचं नाही. सतत फिरतं ठेवायचं. तो आला की भिंतीवरून पुढे द्यायचं." कुणीच नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पोरगी दुपारच्या जेवणापर्यंत आमच्याकडे, मग क्लोरीनवाल्याच्या बहिऱ्या आईकडे, उन्हं उतरली की नर्सबाईंकडे. जिथे असेल तिथे जाऊन घुमी पाजून येई. पोरगी गुबगुबीत झाली आणि दिसेल त्याच्याकडे झेपावू लागली.

टेकडीवर मात्र आत्याला न पटणारी गोष्ट घडत होती. एक मादी, जिचं स्वतःचं पिल्लू अजून तान्हं होतं, ती त्या नव्या हुप्प्याशेजारी बसून त्याची पाठ निवडायला लागली. एकेक केस बाजूला करून उवा शोधायची, तोंडात टाकायची. आत्या कठड्यावरून थुंकली. "काल शेजारणीचं पोर मारलं, आणि आज ही त्याच्या उवा काढतेय. निलाजरी कुठली!" तेच तिचं नाव पडलं.

वेल्डर आला तो भर दुपारी. हातात सळई. मी जेवायला बसलो होतो. आत्या दार अडवून उभी, जाळीचा दांडा भिंतीला टेकवलेला.

"या जावईबापू," ती म्हणाली. "बसा. पाणी घ्या."

"पोर कुठंय?"

"झोपलीय. तुम्ही बसा तर खरं."

"ए म्हातारे, बाजूला हो. ज्याची आहे त्याच्या दारात नेऊन टाकतो. नाहीतर नदीत टाकतो."

बापू, तुम्ही, सगळं तिथे संपलं. "अरे मुडद्या," म्हणून तिने दांडा उचलला आणि त्याच्या कपाळावर हाणला. कातडी फुटली, रक्त डोळ्यांत आलं. त्याने सळई फिरवली ती तिच्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी घास हातात असताना ऐकला. मी धावलो आणि त्याला कमरेला धरलं, तर सळईचं दुसरं टोक माझ्या तोंडावर आलं. पुढचे दोन दात तेव्हाच गेले. आता जे दिसतात ते विकतचे.

मागच्या अंगणात तोवर पोरगी निघाली होती. आमच्या बायकोने भिंतीवरून शेजारच्या शिपायाच्या बायकोला दिली, तिने बहिऱ्या आजीला. तो एकेका घराचं दार लाथेने उघडत होता, डबे, अंथरुणं उधळत होता, आणि पोरगी नेमकी पुढच्या घरात गेलेली असे. बायका त्याच्या अंगावर ओरडत होत्या, एकीने उकळता चहा फेकला. मी रक्त थुंकत त्याच्या मागे. असं करत शेवटचं घर आलं, नर्सबाईंचं. त्यापुढे भिंत नव्हती, रस्ता होता. आणि नर्सबाईंच्या मोरीतून पोरगी रडली.

तो थांबला. वळला. सळई सावरली.

घुमी कुठून आली कळलं नाही. आमच्या घरात तिला कडी लावून ठेवलं होतं, ती खिडकीतून आली असावी. सरळ त्याच्यासमोर उभी राहिली, ओढणीचं टोक त्याच्या फुटलेल्या कपाळावर दाबलं आणि म्हणाली, "किती लागलंय तुम्हाला! चला. घरी चला. माझं चुकलं. मला यायचंच नव्हतं इथे, ह्याच सगळ्या मागे लागल्या, मला तुमच्याशिवाय करमत नाही, चला आता." आयुष्यात ती सलग एवढं कधी बोलली नव्हती. मोरीतलं रडणं वाढलं तशी ती आणखी मोठ्याने बोलू लागली. त्याचा हात धरला. तो गेला तिच्याबरोबर. रस्त्याने जाताना तिने त्याच्या गालावरचं रक्तही पुसलं.

आत्याने आमच्या दारातून, मोडका हात मांडीवर घेऊन, एवढंच पाहिलं. "निलाजरी!" ती किंचाळली. "निलाजरे! पुन्हा हा उंबरा चढलीस तर तंगडी मोडीन!"

घुमीने मागे पाहिलं नाही.

हाताला प्लॅस्टर चढलं. मी सांगायचा प्रयत्न केला, की तो मोरीकडे वळला होता म्हणून. तिने ऐकूनच घेतलं नाही. "मला शिकवू नकोस. मीपण गेलेय परत. मला माहितीय बायका का जातात. हाडाला सवय लागते." पोरगी रडे, सगळ्या बायका आळीपाळीने बाटलीने दूध पाजत. आत्या तिच्याकडे पाहायची नाही. रस्त्यापलीकडून येणारे सांगत, वेल्डरच्या घरातून ओरडणं ऐकू येतं. आत्या म्हणे, "आवडीने गेलीय."

प्लॅस्टर असतानाही ती टाकीवर यायची. एका हाताने जाळी ओढायची, कुणाचं ऐकणार? एका दुपारी मी पंप बंद करून तिच्याजवळ गेलो तर ती कठड्यावर नुसती उभी. समोर निलाजरी हुप्प्याची पाठ निवडत होती. तो उठला. झाडाकडे पाहून दात करकरवले. निलाजरी पुढे झाली आणि त्याच्यासमोर आडवी पडली. त्याने तिला झापड मारली, ती कोलमडली. उठली, पुन्हा त्याचा दंड धरला, पुन्हा केस निवडू लागली. तो पुन्हा उठला. तिने पुन्हा तेच केलं. तिच्या खांद्यावर जुने-नवे चावे होते. एकावर माशा बसल्या होत्या.

"वर बघ," आत्या म्हणाली.

झाडात अगदी आत, फांदीच्या बेचक्यात, थेरडी बसली होती. बोट तुटलेल्या हाताने तिने काहीतरी काखेत दाबून धरलं होतं. शेपटी हलली तेव्हा कळलं. निलाजरीचं पिल्लू होतं ते.

आत्या खाली बसली. मग म्हणाली, "मी परत जायचे ना, तेव्हा तुम्ही दोघं मागे माहेरी असायचात. तुझ्या आजीकडे." मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगतो, मला ते पाहवलं नाही. मी पंप सुरू करायला गेलो.

परत आलो तर ती उठून निघाली होती. क्वार्टर्सच्या पहिल्या दारापासून हाक मारत. "अगं ए, निघा गं!" आमची बायको पोळ्या टाकून उठली. नर्सबाई आल्या, शिपायाची बायको आली. बहिऱ्या आजीला काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण तिने बत्ता घेतला. पोरगी तिच्या सुनेकडे ठेवली. मी मोठा पाना घेऊन मागे चालू लागलो. साहेब ऑफिसच्या खिडकीत आले आणि आत गेले.

वेल्डर दुकानात काच लावलेला मुखवटा चढवून जाळी जोडत होता. त्याला आत्या दिसलीच नाही. तिने धड हाताने दांडा घातला आणि मुखवटा उडाला. मग सगळ्या पडल्या. मला वाटलं होतं मला काही करावं लागेल. त्याने सळईकडे हात नेला, तो आमच्या बायकोने तव्याने ठेचला. नर्सबाई, ज्यांनी जन्मभर माणसं शिवली, त्यांनी त्याच्या दंडाला दात लावले. तो खाली पडल्यावर बहिऱ्या आजीने बत्ता मारला तो गुडघ्यावर. त्याचा तो पाय नंतर कधी सरळ झाला नाही, आणि मला त्याचं काडीचं दुःख नाही. शेजारीपाजारी दारात उभे होते. घरातलं भांडण म्हणून इतके दिवस कुणी मध्ये पडलं नव्हतं. त्या दिवशीही कुणी पडलं नाही.

मागच्या खोलीची कडी मी पान्याने तोडली. घुमी कोपऱ्यात. एक डोळा बंद झालेला, केसांत रक्त वाळून गठ्ठा झालेला. तिने आईला पाहिलं आणि आधी दोन्ही पाय पोटाशी घेतले. तंगडी मोडीन म्हणाली होती ना. आत्याने ते पाहिलं. तिच्या हातातला दांडा गळून पडला.

"पोरगी?" घुमीने विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "तुझ्यापेक्षा जाड झालीय."

घरी आणल्यावर नर्सबाईंनी जखमा धुतल्या. पोरगी आईच्या मांडीवर देताच तिने आधी अनोळखी नजरेने पाहिलं आणि मग तोंड खुपसलं. पाजून झाल्यावर घुमी मागच्या पायरीवर बसली. आत्या आली आणि तिच्या मागच्या पायरीवर टेकली. माफी मागणं हा प्रकार आत्याला येत नव्हता. तिने पदर खोचला.

मग म्हणाली, "मान खाली घाल. उवा झाल्यात तुला."

घुमीने मान खाली घातली. आत्या एका हाताने, प्लॅस्टरबाहेर राहिलेल्या दुसऱ्या हाताच्या बोटांनी आधार देत, एकेक केस वेगळा करू लागली. वाळलेलं रक्त ओल्या कापसाने सोडवायची, खोक लागली की हात थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. लहानपणापासून त्या डोक्यावर तिचा हात पडला होता तो फक्त धपाट्याला.

"पुष्कळ आहेत का?" घुमीने विचारलं.

"पुष्कळ. हलू नकोस."

उन्हं उतरली, शेजारच्या घरांत दिवे लागले, पोरगी या मांडीवरून त्या मांडीवर फिरत राहिली, आणि आत्या केस निवडतच होती. दुसऱ्या दिवशी आमच्या बायकोने घुमीला न्हाऊ घातलं तेव्हा तिचं डोकं नीट पाहिलं. एकही ऊ नव्हती.